शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदी : सामायिक धोके व सामायिक दक्षता

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भ येथील शेतकऱ्यांचे जे नुकसान केले, ते हिंगोली जिल्ह्यातील कापूस उत्पादकांच्या स्मरणात असेलच. फरदड घेण्यासाठी, म्हणजे वेचणी संपल्यावरही आणखी चार बोंडांच्या आशेने, ज्या शेतात पऱ्हाटी उभी ठेवली जाते, त्या शेतात अळीची पिढी जगून राहते आणि पुढील हंगामात बांध ओलांडून शेजाऱ्याच्या पिकावर जाते. ज्याने आपली पऱ्हाटी वेळेवर उपटून रान स्वच्छ केले, त्याचेही पीक मग वाचत नाही. म्हणूनच फरदड न घेण्याचा सल्ला कृषी विभाग सबंध गावास देतो. एकट्या शेतकऱ्याने तो पाळून विशेष लाभ होत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय कीड हा नाही. परंतु संगणकात व मोबाइलमध्ये ठेवलेल्या शेतकऱ्याच्या नोंदींस जे धोके संभवतात, त्यांचा स्वभाव बराचसा असाच आहे. "माझ्या खात्यात चारशे रुपये आहेत, माझे कोण काय नेणार?" असे म्हणणारा शेतकरी प्रत्येक गावी भेटतो. त्याचे चारशे रुपये कदाचित कोणी नेणारही नाही. पण त्याच्या हातून सुटलेली माहिती शेजाऱ्याच्या, भावकीच्या वा सबंध गटाच्या नुकसानीस कारण होऊ शकते. उलट, पूर्ण सावध असणाऱ्या शेतकऱ्याचेही दुसऱ्याच्या चुकीमुळे नुकसान होऊ शकते. हे कसे घडते, हे समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

जोडलेली दप्तरे

पूर्वी शेतकऱ्याची माहिती निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेली असे. सातबारा तलाठ्याच्या सज्जात, पीककर्जाचे खाते सोसायटीच्या व बँकेच्या वहीत, जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, शिधापत्रिकेची नोंद पुरवठा शाखेत. एका दप्तरात कोणी डोकावले तरी त्यास तेवढेच कळे. हल्ली ही दप्तरे संगणकावर आली आणि पुढे एकमेकांस जोडली गेली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात मे २०१८ पासून मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. डिसेंबर २०२४ मध्ये ॲग्रिस्टॅक योजनेखाली नोंदणी सुरू झाली आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक ठरविण्यात आला. ह्या अकरा अंकी क्रमांकाने शेतकऱ्याचा आधार क्रमांक व त्याच्या जमिनीचे गट ह्यांची गाठ घातली आहे. आधारशी बँकेचे खाते आधीच जोडलेले आहे. आणि ह्या सर्वांच्या दाराशी उभा असतो तो एक मोबाइल क्रमांक.

ह्यात सोय मोठी आहे, हे नाकारता येणार नाही. अतिवृष्टीचे अनुदान, पीक विम्याची भरपाई, पीएम-किसानचा हप्ता ह्या रकमा थेट खात्यात येतात. मधल्या हातांची गरज कमी झाली आहे. परंतु दप्तरे जोडली गेल्यामुळे एका दप्तराची किल्ली ज्याच्या हाती पडते, तो दुसऱ्याच्या दारापर्यंत पोहोचू शकतो.

पीएम-किसान योजनेच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेरच्या व्यक्तीस वाचता येत होते, असे एका सुरक्षा-अभ्यासकाने २०२२ साली दाखवून दिले. तो दोष नंतर दूर करण्यात आला. योजनेत त्या काळी अकरा कोटींच्या आसपास शेतकरी नोंदलेले होते, आणि त्यांपैकी कोणीही काही चूक केलेली नव्हती. कोणी ओटीपी सांगितला नव्हता, कोणी खोटी फाइल उघडली नव्हती. माहिती जेथे एकत्र साठविली जाते, तेथील एका भगदाडाची झळ सर्वांस सारखीच लागते. सबब, नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयांची जबाबदारी शेतकऱ्याच्या जबाबदारीहून मोठी आहे, हे ह्या पत्रिकेत स्पष्टपणे लिहून ठेवणे आम्ही योग्य समजतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सातबारा हा मुळातच सर्वांस पाहता येणारा कागद आहे. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, इतर हक्कांतील बँकेचा बोजा, हे सर्व घरबसल्या कोणासही वाचता येते. ते योग्यही आहे, कारण जमीन घेणाऱ्यास बोजा कळला पाहिजे. परंतु ह्याचा अर्थ असा की, फोनवरून बोलणाऱ्या अनोळखी इसमाने आपले नाव, गट क्रमांक आणि अमुक बँकेचे कर्ज बिनचूक सांगितले, तर तो सरकारी माणूस आहे असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. "साहेबांना माझे सगळे माहीत होते, म्हणून मी अंक सांगितला," असे फसवणूक झालेले शेतकरी सांगतात. ते सगळे कोणासही माहीत होऊ शकते.

एका मोबाइलवर दहा घरे

आपल्या जिल्ह्यात आढळणारी एक प्रथा विशेष विचार करण्याजोगी आहे. आधार नोंदविताना किंवा बँकेचे खाते उघडताना ज्यांच्याजवळ मोबाइल नव्हता, अशा वृद्ध शेतकऱ्यांनी व स्त्रियांनी पुतण्याचा, शेजारच्या शिकलेल्या मुलाचा किंवा केंद्रचालकाचाच क्रमांक लिहून दिला. हेतू चांगला होता व गरजही खरी होती. परिणाम असा झाला की, एकाच क्रमांकावर दहा-दहा घरांचे ओटीपी येऊ लागले. त्या मुलाने कामासाठी पुणे गाठले की दहा घरांची केवायसी अडते. त्याचा फोन हरवला किंवा त्यात काही शिरले, तर दहाही घरांची दारे एकाच वेळी उघडी पडतात, आणि त्यांतील नऊ घरांस ते कळतही नाही.

दुसरा प्रकार ऊसतोडीचा. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी ह्या भागांतून पुष्कळ कुटुंबे कारखाने सुरू होताच बाहेर जातात. घरी ठेवलेल्या दुसऱ्या सिमकार्डाचे रिचार्ज राहून जाते व क्रमांक बंद पडतो. बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांपर्यंत दुसऱ्यास दिला जात नाही. त्यानंतर मात्र कंपनी तो नव्या ग्राहकास देऊ शकते. कारखान्याचा हंगाम ह्याहून मोठा असतो. कुटुंब गावी परतते तेव्हा बँकेत व आधारमध्ये लिहिलेला क्रमांक कोठल्या तरी परक्याच्या खिशात असतो आणि खात्याचे सर्व संदेश त्यास जात असतात. तो मनुष्य सज्जन असेल तर दुर्लक्ष करील. परंतु शेतकऱ्याच्या खात्याची सुरक्षितता अनोळखी माणसाच्या सज्जनपणावर सोडणे बरे नव्हे.

ह्यास उपाय साधा आहे, पण कष्टाचा आहे. प्रत्येक कुटुंबाचा निदान एक क्रमांक कुटुंबाच्याच हाती असावा व तो बारमाही चालू ठेवावा. आधारमधील क्रमांक नोंदणी केंद्रात बदलून घेता येतो आणि बँकेतील क्रमांक बदलण्यासाठी शाखेत अर्ज द्यावा लागतो. एक बदलला म्हणजे दुसरा आपोआप बदलतो, असा समज पुष्कळांचा आहे, तो चुकीचा होय. ऊसतोडीस निघण्यापूर्वी बियाण्याची व धान्याची जशी तजवीज लावून ठेवतात, तशी सिमकार्डाचीही लावावी.

गटात आलेली फाइल

मराठवाड्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत गेल्या काही वर्षांत "पीएम किसान" अशा नावाची एक फाइल फिरताना आढळते. कधी तिचे नाव लाभार्थी यादी असे असते, कधी नुकसानभरपाई, कधी बँकेची केवायसी, तर कधी लग्नाची पत्रिका. नावाच्या शेवटी मात्र "एपीके" ही अक्षरे असतात. यादी, छायाचित्र किंवा शासन निर्णय कधीही ह्या प्रकारच्या फाइलमध्ये येत नाही. एपीके म्हणजे ॲप, म्हणजे फोनमध्ये बसून काम करणारे यंत्रच होय. ते बसविताना फोन स्वतः इशारा देतो की, हे अनोळखी ठिकाणाहून आलेले आहे. परंतु यादीत आपले नाव पाहण्याची घाई असते, आणि फाइल धाडणारा ओळखीचाच, कधी सरपंच, कधी गटाचा अध्यक्ष असतो. म्हणून इशारा बाजूस सारला जातो.

हे ॲप आत बसल्यावर संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की फोनवर येणारे ओटीपी गुपचूप दुसरीकडे जाऊ लागतात. त्यांच्या आधारे भामटे त्या शेतकऱ्याचे व्हॉट्सॲप आपल्या ताब्यात घेतात, बँकेच्या व्यवहारास हात घालतात आणि त्याच्याच नावाने तीच फाइल त्याच्या सर्व गटांत पाठवितात. सरपंचाने फाइल पाठविली असे जे वाटते, ते अशा रीतीने खरेही असते व खोटेही. पाठविली त्याच्या फोनने; त्याने नव्हे. एका शेतातून दुसऱ्या शेतात कीड जाण्यास काही आठवडे तरी लागतात. इकडे सकाळी एका फोनमध्ये शिरलेले हे संकट दुपारपर्यंत पाच गावांत पोहोचू शकते, कारण एकच मनुष्य सोसायटीच्या, शाळेच्या, भावकीच्या आणि पक्षाच्या गटात असतो.

असे आपल्या फोनचे झाले आहे असे दिसताच प्रथम त्याचे इंटरनेट बंद करावे. फ्लाइट मोड लावला तरी चालेल. नंतर दुसऱ्याच्या फोनवरून बँकेस कळवून खाते व यूपीआय थांबवावे आणि सर्व गटांस आवाजी संदेशाने सावध करावे. येथे बहुतेकांकडून एक चूक होते: लाजेपोटी गप्प बसण्याची. फवारणीचे औषध चुकले तर शेतकरी शेजाऱ्यास सांगतो. फोन फसला तर सांगत नाही, कारण लोक आपणास अडाणी म्हणतील असे त्यास वाटते. वास्तविक ह्या फाइलींना शिक्षक, अधिकारी व पदवीधर सर्वच फसलेले आहेत. पहिल्या तासात केलेली वाच्यता गावाचे अधिकांत अधिक नुकसान वाचविते. नंतर ते ॲप काढून टाकावे, व शंका उरल्यास जाणकाराकडून फोन पूर्ववत कोरा करून घ्यावा.

गटप्रमुखांस येथे एक विनंती आहे. लाभार्थ्यांची नावे तपासण्यासाठी म्हणून आधार क्रमांक, खाते क्रमांक व मोबाइल क्रमांक ह्यांसह सबंध तक्ता गटात टाकण्याची पद्धत सर्रास पडली आहे. तीनशे जणांच्या गटात टाकलेला तक्ता तीनशे फोनांत उतरतो, आणि त्यांतील एक फोन जरी वरीलप्रमाणे फसला तरी सर्वांची माहिती एकदम बाहेर जाते. यादीत नाव आणि खात्याचे शेवटचे चार अंक पुरेसे आहेत. त्यावरून ज्याचे त्यास ओळखता येते, दुसऱ्यास उपयोग होत नाही.

उसना दिलेला परवलीचा शब्द

बैल उसना देणे, पेरणीयंत्र उसने देणे ही आपल्याकडील चांगली रीत आहे. संगणकाचा परवलीचा शब्द, ज्यास सर्वजण पासवर्ड म्हणतात, तो मात्र उसना देण्याची वस्तू नव्हे. कारण बैल परत येतो. पासवर्ड एकदा गेला की परत येत नाही.

जवळपासच्या दोन जिल्ह्यांतील उदाहरणे ह्या बाबतीत बोलकी आहेत. जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी ह्या तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात कोट्यवधी रुपयांचा अपहार झाल्याप्रकरणी २०२५ साली गुन्हा नोंदविण्यात आला. अपात्र व्यक्तींच्या नावे रकमा काढण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या लॉगिनचा व पासवर्डचा गैरवापर झाला, असे त्या चौकशीत पुढे आले. अनुदान वाटण्याचा अधिकार एका खुर्चीस असतो. त्या खुर्चीची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे ज्या शेतकऱ्याचे सोयाबीन खरोखर पाण्यात गेले, त्याच्या वाट्याचा पैसा भलतीकडे वळतो. त्या शेतकऱ्याचा पासवर्ड कोणी चोरलेला नसतो. त्याच्याजवळ पासवर्डच नसतो.

दुसरे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातले. शेंदुरसनी ही दोन हजारांहूनही कमी वस्तीची ग्रामपंचायत. तिच्या नावावर जन्ममृत्यू नोंदणीच्या प्रणालीत थोड्या महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघड झाले. एवढी बालके त्या गावी जन्मली नाहीत, हे सांगावयास नको. एका लहानशा ग्रामपंचायतीच्या नावाचा प्रवेश परक्यांच्या हाती पडल्याने हे घडू शकले. अशा नोंदींचा त्रास पुढे कोणास होतो? ज्या गावकऱ्याच्या मुलाचा खरा दाखला शाळेत किंवा कचेरीत दाखवावयाचा असतो, त्यास. कारण त्या गावाच्या प्रत्येक दाखल्याकडे आता संशयाने पाहिले जाणार.

पीक विम्यातही हेच दिसून आले. राज्यात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यास एक रुपयात विमा देण्याची योजना होती. २०२५ साली ती बंद करण्यात आली. अर्ज भरणाऱ्या केंद्रास प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये मिळत. दुसऱ्याच्या जमिनीवर, शासकीय जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर विमा उतरविल्याचे प्रकार उघडकीस आले, आणि २०२४ च्या खरिपातील चार लाखांहून अधिक अर्ज बनावट आढळल्याचे शासनाने सांगितले. सातबारा सर्वांस खुला, आणि अर्ज भरण्याचा अधिकार हजारो केंद्रांच्या हाती. दोहोंचा मेळ घातला की कोणाचाही गट कोणाच्याही नावे विम्यास लावता येतो. मग खरा मालक अर्ज घेऊन जातो तेव्हा त्यास कळते की, त्याच्या गटावर विमा आधीच उतरलेला आहे. सर्वच केंद्रचालक तसे नव्हेत. रात्री बारा वाजेपर्यंत प्रणाली सुरू होण्याची वाट पाहत, रांगेतील शेवटच्या म्हातारीचा अर्ज भरून मगच दार लावणारे केंद्रचालक आम्हांस ठाऊक आहेत. परंतु आपल्या नावे कोठे काय भरले गेले, हे हंगामातून एकदा पाहून घेणे प्रत्येकाचे काम आहे. ई-पीक पाहणी वेळेवर स्वतः करणे हा ह्यावरील उत्तम उपाय. शेतात उभे असलेले पीक व अर्जातील पीक ह्यांतील तफावत त्यामुळे लगेच उघडी पडते.

झेरॉक्सच्या कागदांविषयीही दोन शब्द. प्रस्तुत लेखकाने एका आठवडी बाजारात भज्यांचा पुडा घेतला असता त्या कागदाच्या पाठीमागे कोणा शेतकऱ्याच्या आधारची संपूर्ण प्रत होती; क्रमांक, जन्मतारीख, छायाचित्र, सर्व काही स्पष्ट. कोठल्या तरी केंद्रातील वा दुकानातील रद्दी तेथे आली असावी. केवळ ओळख पटविण्यासाठी प्रत द्यावयाची असेल तर पहिले आठ अंक झाकलेले आधार मिळते, ते द्यावे. आणि प्रतीवर आडवे लिहावे की, ही प्रत अमुक कामासाठी अमुक तारखेस दिली. उत्पादक कंपन्या व बचत गट ह्यांच्या कपाटांत सभासदांच्या अशा शेकडो प्रती असतात. वसमत परिसरात हळदीच्या व्यापारासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांनी हळदीच्या गोदामास कुलूप असते तसे ह्या कपाटासही ठेवावे, आणि ज्या प्रतींचे काम संपले त्या रद्दीत न देता जाळून टाकाव्यात.

अंगठ्याचा ठसा

पासवर्ड बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. २०१८ साली तेलंगणात असे उघडकीस आले की, जमिनीच्या नोंदणीकृत दस्तऐवजांवरील अंगठ्याचे ठसे उतरवून घेऊन त्यांचे रबरी ठसे बनविण्यात आले व त्यांच्या साहाय्याने लोकांच्या नावे सिमकार्डे सुरू करण्यात आली. खरेदीखतावर अंगठा देणे हे कायद्याने आवश्यक. तो कागद दुसऱ्यास पाहता येणे हेही रीतीस धरून. परंतु दोन निर्दोष गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांतून दोष निर्माण झाला.

अंगठा देऊन पैसे काढण्याची सोय गावात बँकेची शाखा नसलेल्या वृद्धांस फार उपयोगी आहे. तिच्यासाठी बँकेचे नाव, आधार क्रमांक व ठसा एवढेच लागते. म्हणून "सर्व्हर गेला, पुन्हा अंगठा लावा" असे कोणी म्हटल्यास आधी पहिल्या वेळची पावती मागावी, आणि खात्यातील शिल्लक पाहून मगच दुसऱ्यांदा बोट ठेवावे. आधारचे ठसे बंद करून ठेवण्याचीही सोय आहे. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून ते बंद करता येतात व लागतील तेव्हा थोडा वेळ उघडता येतात. तथापि, हा उपाय सर्वांस सारखाच सोयीचा आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या घरातील धान्य दरमहा अंगठा लावून मिळते आणि ज्या घरी ओटीपी घेणारा फोन नाही, त्या घरास ठसे बंद केल्याने त्रासच होईल. ज्यांच्या हाती स्वतःचा चालू मोबाइल आहे त्यांनी हा उपाय करावा. इतरांनी आधी मोबाइलची व्यवस्था लावावी.

बँकाही सामायिक विहिरीवरच

शेतकरी व ग्रामपंचायती ह्यांप्रमाणेच बँकांचेही आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका व ग्रामीण बँका ह्यांस स्वतःची मोठी संगणक यंत्रणा उभारणे परवडत नाही. म्हणून पुष्कळ बँका मिळून एखाद्या कंपनीची यंत्रणा वापरतात. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज ह्या अशाच एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाला. विषय पुढे पसरू नये म्हणून देशातील देयक व्यवहार चालविणाऱ्या महामंडळाने तिला तात्पुरते वेगळे काढले, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट रोजी, जोडणी पूर्ववत झाली. ह्या ३०० बँकांपैकी बहुतेकींच्या शाखांत त्या दिवशी काहीही चुकलेले नव्हते. हिंगोली जिल्ह्यास परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक ह्यांच्या शाखा सेवा देतात. त्या ह्या घटनेत सापडल्या असे येथे म्हणावयाचे नाही. ह्या वर्गातील बँकांचा व्यवहार कशावर उभा असतो, एवढेच ध्यानात यावे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात तर दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, व तीतील बहुतांश रक्कम बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून काढली गेली.

शेतकऱ्याने ह्यावर काय करावे? फार थोडे. खतबियाण्याच्या ऐन खरेदीत सर्व रक्कम एकाच फोनवरील व्यवहारावर अवलंबून ठेवू नये, दोन दिवसांपुरती रोकड जवळ असावी, आणि खातेपुस्तक वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्यास छापून घ्यावे. उरलेले काम बँकेचे आहे, आणि वार्षिक सभेत सभासदांनी ते विचारले पाहिजे. सोसायटीच्या सभेत लाभांशावर दोन तास वाद होतो. आपल्या नोंदी कोणाच्या यंत्रणेत आहेत व त्यांची तपासणी केव्हा झाली, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम देशात २०२३ साली झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. माहिती फुटल्यास ती ज्याची आहे त्यास कळविण्याचे बंधन त्यांत घातलेले आहे. तेव्हा हा प्रश्न विचारणे आता आगाऊपणाचे राहिलेले नाही.

नुकसान झाल्यास

पैसे गेल्याचे दिसताच १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. भामट्याच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती अडविता यावी, हा त्या क्रमांकाचा उद्देश आहे. म्हणून येथे तास मोजावे लागतात, दिवस नव्हेत. त्याच वेळी बँकेसही कळवावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

बँकेकडील भरपाईच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये व्यापारी व ग्रामीण बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठी आदेश काढले. दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, तर यंत्रणेत अन्यत्र कोठे तरी आहे, अशा प्रसंगी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्यास काहीच तोटा सोसावा लागू नये, आणि चार ते सात दिवसांत कळविले तर त्याचा तोटा ठराविक मर्यादेत राहावा, असे त्यांत सांगितले आहे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दुसऱ्यास दिला असेल तर मात्र बँकेस कळवीपर्यंतचा तोटा त्याचा. नियमांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून शाखेत चालू नियम विचारून घ्यावा. तक्रार लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर शिक्का, तारीख व वेळ घालून पोच घ्यावी, आणि तोंडी "बघतो" ह्या उत्तरावर परत येऊ नये.

हे दिवस बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजले जातात. आणि तो संदेश जातो बँकेत लिहिलेल्या मोबाइल क्रमांकावर. तो क्रमांक पुण्यास गेलेल्या पुतण्याचा असेल, तर मुदतीचे तीन दिवस त्याच्या खिशातच संपून जातील. म्हणून पुढील वेळी वसमतला किंवा हिंगोलीस बाजारासाठी जाणे होईल, तेव्हा खातेपुस्तक बरोबर न्यावे आणि आपल्या खात्यास कोणता क्रमांक लावलेला आहे, एवढे शाखेत विचारून यावे.